बेल वाजली की मीच उठतो

बेंगळुरू,
९ जून २०२४

चि. मल्हारराव यांस अनेक आशीर्वाद.

विद्यानं काल जाहीर केलं की यापुढे ती सासऱ्या-जावयामधली पोस्टमन नाही. तुमचं मला आणि माझं तुम्हाला सांगता सांगता तिचं डोकं उठतं म्हणे. फोन करावा तर मी मध्येच ठेवतो आणि तुम्ही ‘जी सर, जी सर’ म्हणत ऐकल्याचं नाटक करता. म्हणून लिहितोय. पत्राला निदान ‘जी सर’ म्हणता येत नाही.

ऐकलं ते खरं आहे का? चौदा वर्षं लष्करात काढली, मेजर झालात, आणि सप्टेंबरात मुदत संपून सुटलात की आगीच्या बंबावर चढणार? त्यासाठी पोराटोरांबरोबर नागपूरला बसून कोर्स करणार, आणि मग आनेकलच्या कुठल्याशा रंगाच्या कारखान्यात पाइप धरून उभे राहणार? मी विद्याला दोनदा विचारलं. मला वाटलं तिची चेष्टा चालली आहे.

आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना जावई आहेत. उपेंद्रचा जावई क्लाउडमध्ये काहीतरी करतो. काय करतो ते त्याला स्वतःलाही धड सांगता येत नाही, पण जे करतो ते खुर्चीत बसून करतो. उद्या मला कुणी विचारलं तर मी काय सांगू, आमचे हे पाणी मारतात?

सरी, बरं तर, मुद्द्याचं लिहितो. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा पुष्कर, त्याची एचएसआर लेआउटमध्ये स्टार्टअप आहे. त्याला सुरक्षा आणि प्रशासन बघायला माणूस हवाय. मी तुमचं नाव दिलंय. जुलैत रजेवर याल तेव्हा भेटून घ्या. केबिन आहे, एसी आहे, कॉफीचं यंत्र आहे. तुम्हाला हे नको असेल आणि बंबावरच चढायचं असेल, तर माझ्या घरात उतरायचं नाही. विद्या आणि माझी नात सुखदा इथेच राहतील. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये धुराचे कपडे धुवायला मी मुलगी वाढवलेली नाही. विद्या म्हणते, आधी तुम्ही दोघं भांडून घ्या, मग मी ठरवते.

थांबतो, बेल वाजली. दिवसभर डिलिव्हरीवाल्यांची रांग लागलेली असते. विद्या उठायला बघते, पण मी तिला उठू देत नाही. तिला कुणीही गंडवतं. या घरात बेल वाजली की मीच उठतो.

आप्पा

•

बिकानेर,
२१ जुलै २०२४

ती. आप्पांस सा. न.

रजा संपवून परवा युनिटमध्ये पोहोचलो. तुमच्या घरात उतरायचं नाही ही अट बंबावर चढल्यानंतर लागू होते, असं समजून आलो होतो. पण ती आधीपासूनच लागू झाली आहे असं दिसलं.

रजेच्या कागदावर सही झाली आणि मी तसाच, गणवेशातच निघालो. विद्याला कळवलं नव्हतं. सुखदाचा चेहरा बघायचा होता. बेल वाजवली तर दार तुम्ही उघडलंत. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलंत, ‘तुम्ही होय’ म्हणालात आणि पाठ फिरवून आत निघून गेलात. बॅग हातात घेऊन मी तुमच्या उंबऱ्यावर किती वेळ उभा होतो ते मलाच माहीत. दारावर आलेल्या भिकाऱ्याला तुम्ही निदान ‘मुंदे होगप्पा’, पुढे जा बाबा, म्हणता. एवढा तिटकारा असेल तर तो एकदा तोंडावर सांगा, म्हणजे मलाही नीट उत्तर देता येईल.

आता तुमच्या पुष्करबद्दल. तो जमिनीवरच्या एका फुगीर गादीत रुतून बसला होता. मलाही शेजारच्या गादीत बसवलं. त्या गादीत बसलेला माणूस दुसऱ्यानं हात दिल्याशिवाय उठू शकत नाही, आणि तिथे सगळी कंपनीच तशी बसलेली होती. त्यानं मला विचारलं, ‘सर, प्रेशर हँडल करू शकाल ना?’ मी म्हटलं, कशाचं? तो म्हणाला, ‘म्हणजे डेडलाइन्स वगैरे.’ मी हो म्हटलं.

मग त्यानं ऑफिस दाखवलं. आगीच्या वेळी बाहेर पडायचा जो दरवाजा, त्याला लावून टेबल टेनिसचं टेबल ठेवलेलं. मी म्हटलं, हे इथे का? म्हणाला, उजेड छान येतो. मी ते टेबल एकट्यानं ओढून बाजूला केलं, नमस्कार केला आणि आलो. नोकरीचं म्हणाल तर या लोकांचं रक्षण करायला मला पगार मिळेल, पण मला त्यांचा आदर करता येणार नाही.

तुम्ही पाणी मारण्याची थट्टा करता म्हणून एकदाच सांगतो. गेल्या वर्षी आमच्या इंधनाच्या साठ्याला आग लागली. ती विझवणारी तुकडी माझ्याकडे होती. समोर कुणालाही मारायचं नसताना पुढे घुसता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानंतर मला दुसरं काही करावंसं वाटलेलं नाही. तुमच्या मंडळात सांगायला हे पुरेसं नाही, याची मला कल्पना आहे.

मल्हार

•

बेंगळुरू,
१५ सप्टेंबर २०२४

चि. मल्हारराव यांस आशीर्वाद.

अभिनंदन. विद्या म्हणाली, काल तुमचा निरोप समारंभ झाला, घोड्यावरून काढलं की जीपवरून ते मी विचारलं नाही. आता तुम्ही माजी मेजर. माजी म्हणजे शेजाऱ्यांनी हाक मारायची आणि बँकेनं विचारायचं नाही.

पुष्करच्या वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. पण त्या पुष्करचं डोकं बघा, त्याला तुम्ही आवडलात. टेबल जाग्यावर परत ठेवलं, तरी म्हणतो, अंकल, ही इज व्हेरी ऑथेंटिक. जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवतोय. ज्या माणसाला अपमानसुद्धा कळत नाही, त्याच्या हाताखाली नोकरी किती सुखाची, याचा जरा विचार करा.

काही कामासाठी आनेकलला जाणं झालं. तीन बस बदलाव्या लागल्या. वाटेत तुमचा तो कारखाना लागला म्हणून उतरलो. फाटकावर कल्लाप्पा नावाचा पहारेकरी, त्यानं ‘यारु बेकु?’, कोण हवंय, म्हणून हटकलं. मी म्हटलं, तुमचा बंब दाखव. एका पत्र्याच्या शेडमध्ये लाल गाडी उभी होती आणि तिच्या टपावर कावळा बसला होता. हे तुमचं नवं रणांगण. मी कल्लाप्पाला विचारलं, इथे आग किती वेळा लागते. तो म्हणाला, ‘स्वल्प स्वल्प, अंकल.’

सुखदाचा गुडघा कसा फुटला ते तुम्हाला विद्यानं सांगितलं असेलच. बेल वाजल्याबरोबर दाराकडे धावली. मी ओरडलो, ती दचकून पडली. मुलांनी दाराशी धावू नये एवढंच माझं म्हणणं. तर माय-लेकी दोघी माझ्यावर रुसून बसल्या.

नागपूरला जायचं नक्कीच असेल तर जा. अट तीच आहे.

आप्पा

•

नागपूर,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस सा. न.

तुम्हाला आनंद होईल अशी बातमी आहे. मी नापास झालो.

इथे आमचे मास्तर खंडोजी. पोट सुटलेला, पानाची पिंक टाकत फिरणारा माणूस. याला कुणी गणवेश दिला असा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलेला. लेखी परीक्षेत मी पहिला आलो. चढणं, पळणं, पाइप ओढणं, सगळ्यात माझ्या निम्म्या वयाच्या पोरांना मागे टाकलं. आणि या माणसानं मला पाटीवर नापास केलं.

पाटी म्हणजे काय ते सांगतो. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून जो जो धुरात शिरतो, तो जाताना आपल्या नावाचा बिल्ला बाहेरच्या माणसाकडे देतो. बाहेरचा माणूस तो पाटीवर अडकवतो, कुणाची हवा कधी संपणार याचा हिशेब ठेवतो आणि वेळ झाली की बाहेर बोलावतो. पाटी सोडून त्यानं हलायचं नाही. अधिकाऱ्याला हे काम यावंच लागतं. माझ्या मते हे कारकुनाचं काम आहे. चौदा वर्षं मला शिकवलं गेलं की अधिकारी सगळ्यांच्या पुढे असतो.

धुराच्या खोलीचा सराव होता आणि पाटी माझ्याकडे होती. आत चौघे. त्यातला शिवकुमार आनेकलच्या त्याच कारखान्यानं पाठवलेला, चांगला मिशीवाला घरंदाज गडी. त्याच्या अंगावरची धोक्याची शिट्टी वाजायला लागली. मी पाटी खाली ठेवली, तोंडाला मास्क लावला आणि आत शिरलो. त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. त्याचा पट्टा अडकला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खंडोजी पिंक टाकून म्हणाला, ‘मेजरसाहेब, एकाला आणलंत. बाकीचे तिघं कुठं आहेत?’

मी म्हटलं, आत. तो म्हणाला, ‘आत कुठं? हवा किती उरली त्यांची? तुम्ही आत गेलात तेव्हा त्यांच्यासाठी बाहेर कोण होतं?’ आणि वहीत भोपळा काढला. फेरपरीक्षा प्रत्यक्ष कामावर, शेवटच्या महिन्यात. तीतही नापास झालो तर आनेकल संपलं. तेव्हा पुष्करला सांगा, गादी झटकून ठेव.

ज्या माणसानं आयुष्यात पाण्याच्या पाइपशिवाय काही उचललं नाही, त्यानं मला धैर्य शिकवावं, हे माझ्या नशिबी होतं.

मल्हार

•

बेंगळुरू,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. मल्हारराव यांस आशीर्वाद.

पत्र वाचून मला आनंद होईल असं तुम्ही लिहिलंत, आणि झालाही. पण तुम्हाला वाटतं त्या कारणानं नाही. तुमचा तो पान खाणारा मास्तर शहाणा माणूस आहे, म्हणून.

मी तीस-बत्तीस वर्षं विमानाची इंजिनं चाचणीला लावत होतो. जाड भिंतीच्या आड इंजिन गर्जतंय, आपण काचेबाहेर पॅनलसमोर उभे. काहीही आवाज आला तरी पॅनल सोडायचं नाही. तुमच्यासारखा एक उत्साही माणूस आमच्याकडेही होता. आवाज आला की धावायचा. त्याला आम्ही कँटीनच्या व्यवस्थेवर टाकला.

तुमची गंमत अशी आहे, मल्हारराव, की तुम्हाला आत शिरणं तेवढं शौर्य वाटतं. आत शिरणाऱ्याला काय, त्याला हातपाय हलवायला मिळतात. बाहेर थांबणाऱ्याला काहीच करता येत नाही. त्याला कुणी पदक देत नाही, टाळ्या वाजवत नाही. त्यानं फक्त उभं राहायचं आणि मोजायचं. तुम्ही त्याला कारकून म्हणता. तुमच्या जन्मात तुम्ही एकदाही बाहेर थांबलेला नाहीत, हे त्या एका शब्दावरून कळतं.

हे मी तुम्हाला उत्तेजन द्यायला लिहिलेलं नाही. तुम्ही पुन्हा नापास व्हाल, माझी खात्री आहे. तुमचा स्वभावच नाही तो.

विद्या हल्ली रविवारी ‘ऑफिसला’ जाते आणि सुखदाला बरोबर नेते. कुठे कुठे व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी गप्पा मारत दोघी डोसा खात बसतात ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं. फ्रॉकवर सांबाराचे डाग घेऊन कुणी ऑफिसातून येत नाही.

आप्पा

•

बेंगळुरू,
१९ जानेवारी २०२५

ती. आप्पांस सा. न.

पत्रावरचं गाव बघून तुम्ही चिडाल. प्रत्यक्ष कामाच्या महिन्यासाठी मला इथल्याच एका केंद्रावर पाठवलं आहे. तुमच्या घरापासून फार लांब नाही. अट पाळतोय, म्हणून आलो नाही.

मंगळवारी दुपारी चिकपेटमध्ये साड्यांच्या गोदामाला आग लागली. गल्ली एवढी अरुंद की बंब आत जाईना, मोठ्या रस्त्यावरून पाइप ओढत न्यावे लागले. दुकानदार आमच्या अंगावर ओरडत होता की पाणी नका मारू, रेशीम आहे. एक बाई अर्धवट दाखवलेल्या साडीचा पदर सोडायला तयार नव्हती. बघ्यांनी मोबाइल वर धरलेले. अशा लोकांसाठी शिवकुमार आणि आणखी तिघे आत शिरले. केंद्राच्या अधिकाऱ्यानं पाटी माझ्या हातात दिली. खंडोजीसुद्धा परीक्षक म्हणून आला होता. मागे उभा होता, पान न खाता.

एकेक बाहेर आले. शिवकुमारचा बिल्ला पाटीवर राहिला. मी हाक मारली, उत्तर नाही. दुसरी जोडी आत पाठवली, त्यांचे बिल्ले अडकवले. एवढं केल्यावर माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नाही. आप्पा, मी गोळीबारात उभा राहिलो आहे, पण असा घाबरलो कधी नव्हतो. दारातून धुरात काहीही हललं की वाटायचं, हे आता मला काय सांगायला येतायत. कुणी मागून खांद्याला हात लावला तरी मी दचकत होतो. आणि तरी तिथून हललो नाही. शिवकुमार आला, खोकत, शिव्या देत. जिना खचला म्हणून दुसऱ्या बाजूला वळला होता. मी त्याचा बिल्ला त्याला दिला आणि फुटपाथवर बसलो. खंडोजी फक्त ‘आता जमलं’ म्हणाला. मी पास आहे. एक तारखेला आनेकलला रुजू होतो.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. फुटपाथवर बसलो असताना मला तुमच्या घराची बेल आठवली.

लष्करात असताना एकदा मला साताऱ्याकडच्या एका गावी पाठवलं होतं. आमचा एक जवान गेला होता, ते घरी सांगायला. मी गणवेशात होतो. दार त्याच्या वडिलांनी उघडलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांना कळलं होतं.

जुलैत तुम्ही माझ्याकडे अगदी तसंच पाहिलंत. तो तिटकारा नव्हता ना, आप्पा? विद्याला कुणी गंडवतं म्हणून तुम्ही उठत नव्हतात. सुखदावर ओरडलात तेही गुडघ्यासाठी नाही. इतकी वर्षं बेल वाजली की तुम्ही आधी दाराशी जात होतात, आणि मी तुम्हाला उद्धट म्हातारा समजत होतो.

तुम्ही म्हणालात तर आनेकल सोडतो. हे मी मनापासून लिहितोय. पुष्करची जागा अजून असेल.

मल्हार

•

बेंगळुरू,
२५ जानेवारी २०२५

चि. मल्हारराव यांस अनेक आशीर्वाद.

तुमच्या पत्रात शेवटच्या दोन ओळी फार वाईट आहेत. चौदा वर्षं देशाला दिली, तीन-चार महिने नागपूरला पोरांबरोबर घाम गाळला, आणि आता एका म्हाताऱ्याला वाईट वाटतं म्हणून गादीत जाऊन बसणार? पुष्करला मी कळवून टाकलंय की त्यानं दुसरा ऑथेंटिक माणूस शोधावा. त्यानं मला ‘थँक्स अंकल’ म्हणून एक हसरा चेहरा पाठवला. त्या ऑफिसला आग लागली तर तो त्याचाही फोटो काढेल.

बेलेचं तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे. एवढ्या उशिरा कळलं, यावरून लष्कराच्या बुद्धिमापन परीक्षेबद्दल शंका येते, पण खरं आहे.

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा सीमेवर गेलात तेव्हापासूनचं आहे ते. मी ठरवलं होतं, ऐकायची वेळ आली तर आधी मी ऐकेन. दारापासून विद्याच्या खोलीपर्यंत मला चालत जायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तरी तिला मिळेल. याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नव्हतं. सुनंदा, विद्याची आई, होती तोवर ती हसायची मला. ती गेल्यावर हसायलाही कुणी उरलं नाही. जुलैत दार उघडलं तेव्हा मला आधी नुसता गणवेश दिसला. चेहरा दिसायला उशीर लागला. ‘तुम्ही होय’ एवढंच तोंडातून निघालं. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात हे विसरून गेलो.

सप्टेंबरात तुम्ही सुटणार हे कळलं तेव्हा वाटलं, संपलं. आता बेल वाजली तर दूधवालाच असेल. तेवढ्यात तुम्ही जगातली दुसरी एक वाट शोधून काढलीत, जिथून माणसं धावत बाहेर येतात आणि तुम्ही आत जाता. म्हणून मी पाणी मारण्याची थट्टा केली. मला भीती वाटत होती. ती वाटतेच आहे आणि राहणार. तुमच्या त्या आनेकलच्या शेडपर्यंत मी कामासाठी गेलो नव्हतो. तुम्हाला कुठे उभं राहायचं आहे ते बघायला गेलो होतो.

काल चिकपेटला गेलो. मेट्रोत एका मुलानं उठून मला जागा दिली, इतका मी म्हातारा दिसतो. तुमचं गोदाम पाहिलं. वरचा मजला गेला, पण शेजारची दुकानं शाबूत आहेत, त्यातलं एक तर सेल लावून बसलंय. अगदीच वाईट काम केलेलं नाहीत. त्याच गल्लीच्या तोंडाशी कुलुपं-किल्ल्यांचं दुकान आहे. तिथे आपल्या घराच्या किल्लीची एक जोड करून घेतली, ती सोबत पाठवतोय. या घरात जावयाला किल्ली द्यायची पद्धत नाही. जावयानं बेल वाजवायची, आम्ही उघडायचं, पाट-रांगोळी करायची. ते सगळं आजपासून बंद. तुम्ही आता पाहुणे नाही.

पाळी संपली की कितीही वाजले असोत, आनेकलच्या क्वार्टरमध्ये झोपायचं नाही. सरळ घरी यायचं आणि किल्लीनं दार उघडायचं. कपड्यांना धुराचा वास असेल तर ते मागच्या बाल्कनीत टाका, मी भिजवीन. विद्याला ऑफिस असतं. मी जागा असलो तरी तुमच्याशी बोलणार नाही, झोप माझी आधीच कमी आहे. पण किल्ली कुलुपात फिरल्याचा आवाज मला ऐकू आला पाहिजे. एवढं तुम्ही रोज करायचं.

बेलेला मात्र तुम्ही हात लावायचा नाही, विद्यानंही नाही. ती वाजली की मीच उठणार. ती पाटी माझी आहे.

आप्पा